सात तुरी आणि कहूटा : जानेवारी १९८७ चं एक प्रकरण

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. महाराष्ट्रातली जी मोजकी नावं त्या यादीत होती, त्यात भुसावळ होतं. मुंबई, उरण, तारापूर समजण्यासारखं आहे, पण भुसावळ का, हा प्रश्न बाहेरच्यालाच पडतो. इथल्याला जंक्शन ठाऊक असतं, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसत असतात, आणि घरटी नाही तरी गल्लीटी एक माणूस भुसावळच्या नाहीतर वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला गेलेला असतो. १२ मे च्या भाषणात पंतप्रधान म्हणाले की पाकिस्तानचं अणुबाँबची धमकी दाखवून चाललेलं ब्लॅकमेल यापुढे खपवून घेतलं जाणार नाही. कॉलेज सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षाच्या वर्गात पहिला प्रश्न आला तो असा: "सर, ते खरंच टाकतील का हो?"

मी राज्यशास्त्र शिकवतो. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, कुणाकडेच नसतं. पण "शत्रू देश अणुबाँबच्या मागे लागलाय हे किती मनावर घ्यायचं" हा प्रश्न दिल्लीच्या टेबलावर एकदा अगदी धारदारपणे येऊन पडला होता. ते प्रकरण आता चाळीस वर्षांचं होत आलंय आणि त्याचे बरेच कागद बाहेर आलेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन तासिका मी त्यालाच दिल्या. वर्गात एकोणीस पोरं-पोरी होत्या. वरणगाव फॅक्टरीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक काका पाहुणे म्हणून आले होते. तिथे जे घडलं ते इथे लिहून ठेवतो.

प्रकरण असं मांडलं. जानेवारी १९८७. राजस्थानच्या वाळवंटात लष्करप्रमुख जनरल सुंदरजींनी 'ब्रासटॅक्स' नावाचा अवाढव्य सराव लावलेला. पाकिस्तानला वाटतं हा सराव नाही, चढाईची तयारी आहे, म्हणून तेही आपलं राखीव सैन्य पंजाबच्या हद्दीजवळ आणतात. मग आपण विमानांनी फौज पंजाबात उतरवतो. दिल्लीत त्याच आठवड्यांत गडबड: पत्रकार परिषदेतल्या पंतप्रधानांच्या एका वाक्यावरून परराष्ट्र सचिव वेंकटेश्वरन राजीनामा देऊन मोकळे, आणि आजवर राजीव गांधींनी स्वतःकडे ठेवलेलं संरक्षण खातं अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंहांच्या गळ्यात. अशात २८ जानेवारीला पत्रकार कुलदीप नय्यर इस्लामाबादेत डॉ. अब्दुल कादीर खान यांच्या घरी जाऊन बसतात. पाकिस्तानच्या कहूटा इथल्या युरेनियम कारखान्याचे कर्तेधर्ते ते हेच खान. नय्यर डिवचतात, खान तापतात आणि सांगून टाकतात: आम्ही करून दाखवलंय, आणि जिवावर बेतलं तर वापरू.

पोरांना म्हटलं, तुम्ही दिल्लीत अधिकारी आहात. तारीख ३० जानेवारी. पंतप्रधानांना एका पानाची टिपण द्या: हे किती मनावर घ्यायचं?

बारा जणांनी लिहिलं, अत्यंत गंभीर, सैन्य मागे घ्या. चौघांनी लिहिलं, पोकळ धमकी आहे, दुर्लक्ष करा. दोघींनी कहूटावर विमानं पाठवली. शिरपूरकडचा एक मुलगा राहिला, त्याचा कागद कोराच. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "सर, तो काय बोलस ते सोडा, काय करस ते दखा."

त्याला बसवून ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं की तुम्ही एकोणीसच्या एकोणीस जण फसलात. मुलाखत झाली २८ जानेवारीला, पण छापून आली १ मार्चला, लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये. फौजा मागे घ्यायचा पहिला करार ४ फेब्रुवारीलाच झाला होता. फेब्रुवारीतच पाकिस्तानचे अध्यक्ष झिया-उल-हक जयपूरला कसोटी बघायला येऊन गेले होते. धमकी पोचली तेव्हा ताप उतरून गेलेला. शिवाय छापून आल्यावर खानांनी, आपण असं बोललोच नाही, असं म्हणून हात झटकले. आजही टीव्हीवरच्या चर्चेत "त्या मुलाखतीमुळे भारत मागे हटला" असं कुणीतरी ठामपणे सांगतं, तेव्हा मला फक्त कॅलेंडर दाखवावंसं वाटतं.

मग ३० जानेवारीला टेबलावर होतं काय? तर त्या मुलाने म्हटलं तेच. बोलणं नव्हतं, करणी होती, अकरा वर्षांची.

ही करणी कळायला आधी एक गोष्ट हाताने करून बघावी लागते. आदल्या दिवशी दोघींना सांगितलं होतं, घरून दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी आणा, हजार दाणे मोजून. त्यातले सात काढून टाका आणि त्याजागी तुरीचे सात घाला. पांढऱ्या दादरात तांबूस तुरी लगेच दिसतात. हे झालं खाणीतून निघालेलं युरेनियम: हजारात साधारण सात अणू कामाचे, म्हणजे २३५ वजनाचे, बाकीचे २३८ चे. रासायनिक गुणाने दोन्ही सारखेच, फरक वजनात तेवढा, तोही दोनशे अडतीसात तिनाचा. म्हणून त्याचा वायू करायचा आणि उभ्या नळकांड्यात भोवंडायचा. जड थोडं कडेला सरकतं, हलकं थोडं मधे राहतं. एका नळकांड्यात फरक पडतो नखाएवढा, म्हणून हजारो नळकांडी एकामागे एक जोडायची. आमच्याकडच्या बाया सुपात पाखडतात तेच, फक्त आवाजाहून जास्त वेगाने.

आता दाणे काढा म्हटलं. अणुवीज केंद्राला चार टक्क्यांच्या आसपासचं लागतं. सात तुरी शंभरात चार या प्रमाणात यायच्या तर एकूण दाणे हवेत पावणेदोनशे. म्हणजे सव्वाआठशे दाणे काढले. पोरी दोन्ही हातांनी काढत होत्या, तरी वेळ लागला. पाच टक्क्यांना उरले एकशे चाळीस. वीस टक्क्यांना पस्तीस. आणि नव्वद टक्के, म्हणजे बाँबचा माल? सात तुरी आणि एक दादर. प्रत्यक्षात टाकून दिलेल्या मालातही थोड्या तुरी जातात, त्यामुळे गणित इतकं स्वच्छ नसतं, पण चाल हीच.

ज्या मुलीने दाणे काढले तिचंच वाक्य: "सर, पाच टक्क्यांपर्यंतच हात दुखले. पुढचं तर पटकन झालं."

हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं, कारण १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी झियांना पत्र लिहून जी रेघ आखून दिली होती, ती बरोबर पाच टक्क्यांची होती. याच्यापुढे जाऊ नका. झियांनी शब्द दिला. रेघ दिसायला रस्त्याच्या सुरुवातीला, पण मजुरी धरली तर निम्म्याहून जास्त रस्ता तिच्या अलीकडेच संपलेला. उरलेल्या एकशे चाळीसांतून एकशे बत्तीस काढायला किती वेळ लागणार होता? आणि ते काढले गेलेच.

आता करणीकडे. खान मुळात ॲमस्टरडॅमच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. ती युरेंको या युरोपीय कंपनीसाठी काम करायची आणि सेंट्रीफ्यूजची, म्हणजे त्या भोवंडणाऱ्या नळकांड्यांची, कागदपत्रं खानांच्या हातून भाषांतराला जायची. १९७५ च्या अखेरीस ते सुट्टीला म्हणून पाकिस्तानात गेले ते परत आलेच नाहीत. १९७६ मध्ये कहूटाचं काम सुरू. गंमत अशी की त्याच वर्षी पाकिस्तानने फ्रान्सकडून प्लुटोनियम, म्हणजे बाँबचा दुसरा माल, वेगळं करायचा कारखाना घ्यायचा करार केला होता आणि सगळं जग त्या करारावर डोळे लावून बसलं होतं. अमेरिकेने दाब आणला, १९७८ मध्ये फ्रान्सने अंग काढून घेतलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या दाराला कुलूप लागलं, पण माल मागच्या दाराने येत होता.

मागच्या दाराचा माल काय होता हे सांगायला काका उभे राहिले. मी त्यांना आदल्या दिवशी फक्त यादी दिली होती: मॅरेजिंग स्टील, निर्वात वाहिन्यांचे खास व्हॉल्व्ह, उच्च वारंवारितेचे इन्व्हर्टर. इन्व्हर्टर ब्रिटनमधून घेतले गेले होते आणि कागदावर कारण होतं कापड गिरणी. १९७८ मध्ये ब्रिटिश संसदेत एका खासदाराने त्यावर प्रश्न विचारला, तोवर पहिला माल रवाना झालेला. काकांचे वडील अमळनेरला गिरणीत होते. ते हसलेच. "गिरणीच्या मोटरला हे कशाला लागतं? हे अशा कशाला तरी आहे जे फार जोरात फिरतं आणि ज्याचा वेग तसूभरही हलून चालत नाही. आणि हे स्टील बघा. इतकं महाग, इतकं चिवट स्टील नांगराला कुणी वापरत नाही. आमच्या टूलरूमला कुठला माल आला ते बघून आम्ही सांगायचो पुढच्या महिन्यात कुठली लाइन चालणार. ऑर्डर वरून यायची नंतर."

मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत भरवशाचं वाक्य हेच वाटतं. धमकी फुकटात देता येते. नकारही फुकटात देता येतो, आणि झिया दहा वर्षं तो देतच होते. पण स्टील फुकट येत नाही. त्याला परकीय चलन लागतं, खोट्या कंपन्या लागतात, पकडलं जायची जोखीम लागते. १९८७ च्या जुलैत फिलाडेल्फियात एक माणूस पकडला गेला तो असंच पंचवीस टन मॅरेजिंग स्टील मिळवायच्या खटपटीत होता. गरीब देश ज्याच्यावर अकरा वर्षं न थांबता पैसा घालतो, ते त्याला हवंच असतं. आपल्याकडे शेजारी विहीर खणणार की नुसतं बोलतोय हे आपण त्याच्या तोंडावरून ठरवत नाही. बांधावर क्रेन उभी राहिली का, सुरुंगवाला येऊन गेला का, ते बघतो.

कहूटाजवळच्या न्हाव्याच्या दुकानातून केस गोळा करून आपल्या हेरांनी सगळं शोधून काढलं, ही गोष्ट वर्गातल्या निम्म्या पोरांना पाठ होती. ती बाजूला ठेवायला लावली. रंगतदार आहे, आणि तिच्याशिवायही फाइल पुरेशी जाड आहे.

इथे मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, तो मी टाळणार होतो. "सर, १९७४ ला आपण पोखरणला स्फोट केला तेव्हा त्यांच्या दृष्टीने शत्रू देश आपणच होतो ना? आपणही शांततेसाठीच म्हणालो होतो." बरोबर आहे. १८ मे १९७४ नंतर इस्लामाबादेत कुणीतरी हीच टिपण लिहीत बसला असणार, आणि आपल्या "शांततामय" या शब्दाला त्याने किती वजन द्यायचं होतं? पण तारखा पुन्हा बघायच्या. भुट्टोंनी बाँबसाठी मुलतानला शास्त्रज्ञ जमवले ते जानेवारी १९७२ मध्ये, बांगलादेश हातचा गेल्यावर महिना-सव्वामहिन्यात. पोखरणने त्या गाडीला वेग दिला. गाडी आधीच निघाली होती.

आता या प्रकरणाचा मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. अमेरिकेला हे सगळं माहीत होतं. १९७९ च्या एप्रिलमध्ये याच कारणावरून त्यांनी पाकिस्तानची मदत थांबवली होती. डिसेंबरात सोव्हिएत रणगाडे अफगाणिस्तानात शिरले आणि १९८१ मध्ये तीन अब्ज वीस कोटी डॉलरचं पॅकेज आणि चाळीस एफ-१६ विमानं द्यायचं ठरलं. १९८५ मध्ये त्यांच्याच संसदेने प्रेसलर दुरुस्ती केली: पाकिस्तानकडे अणुबाँब नाही असा दाखला अध्यक्षांनी दरवर्षी द्यायचा, तरच मदत. दाखला दरवर्षी मिळत गेला. १९८७ च्या मार्चमध्ये झियांनी 'टाइम' साप्ताहिकाला सरळ सांगितलं की पाकिस्तान मनात आणेल तेव्हा बाँब बनवू शकतो. त्याही वर्षी मिळाला. पुढे १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परत गेल्या, आणि १९९० च्या ऑक्टोबरात अध्यक्ष बुश यांना एकाएकी दाखला देणं जमेना.

त्या एका वर्षात कहूटात फार काही नवं उगवलं नव्हतं. तलाठ्याच्या पंचनाम्यात नुकसान किती टक्के, हे शेतात ठरतं तेवढंच वरून काय हवंय यावरही ठरतं, हे आमच्या पोरांना सांगावं लागत नाही. गुप्तचरांचा अंदाज चुकला म्हणून धोका हलका धरला गेला, असं इथे झालेलं नाही. अंदाज बरोबर होता. तो मान्य करणं त्या दहा वर्षांत परवडत नव्हतं.

म्हणजे माल बघा, बोलणं सोडा, एवढं केलं की झालं? मीही तिसऱ्या तासिकेपर्यंत तसाच शिकवत गेलो असतो. पण काकांच्याच हातात मी दुसरा एक कागद दिला. इराक, २००१. जप्त केलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या: बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंतीची जाडी ३.३ मिलिमीटर. कशाच्या असतील?

काकांनी हाताने हवेत लांबी दाखवली. चष्मा वर केला. "रॉकेट. छोटं रॉकेट. जमिनीवरून मारायचं."

सेंट्रीफ्यूज नाही?

"इतक्या जाड भिंतीचं? फिरवायचंय ना ते? मग पातळ पाहिजे."

इराककडे ८१ मिलिमीटरचं रॉकेट खरोखर होतं, आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे सेंट्रीफ्यूज जाणणारे लोक हेच सांगत होते. तरीही २००३ च्या युद्धाआधी जगाला दाखवलेल्या पुराव्यांत या नळ्या होत्या. युद्ध झालं, देश धुंडाळला, अणुकार्यक्रम सापडला नाही. तो १९९१ नंतर बंद पडलेलाच होता. त्याच इराकची ओसिराक अणुभट्टी इस्रायलने ७ जून १९८१ ला बाँबने उडवली होती, आणि त्यानंतर सद्दामने थांबण्याऐवजी चोरून, जास्त माणसं लावून काम सुरू केलं होतं. ते १९९१ मध्ये निरीक्षक आत गेल्यावर उघडकीला आलं. एकाच देशाबद्दल जग एकदा कमी घाबरलं आणि एकदा जास्त. माल दोन्ही वेळा समोर होता. बघणाऱ्याने उत्तर आधी ठरवून नळी हातात घेतली की रॉकेटचं सेंट्रीफ्यूज होतं आणि सेंट्रीफ्यूजची कापड गिरणी.

मग दोघींनी पाठवलेली ती विमानं. ओसिराकनंतर कहूटावरही असाच हल्ला होईल अशी चर्चा ऐंशीच्या दशकात खूप झाली. त्यांना म्हटलं, विमानं पोचली धरू, उद्या सकाळी काय? पाकिस्तानी विमानं ट्रॉम्बेला येणार. ट्रॉम्बेत अणुभट्ट्या आहेत आणि त्यांना चिकटून मुंबई आहे. एकीचा भाऊ चेंबूरला राहतो. ती म्हणाली, "मी विमानं परत बोलावते." वर्ग हसला. दिल्लीने फार वेगळं काही केलं नाही.

दिल्लीने जे केलं त्याला बातमीमूल्य नव्हतं. डिसेंबर १९८५ मध्येच राजीव गांधी आणि झिया यांचं तोंडी ठरलं होतं की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. म्हणजे ब्रासटॅक्सच्या एक वर्ष आधी, कहूटात काय चाललंय हे पुरतं माहीत असताना. ३१ डिसेंबर १९८८ ला, तोवर पाकिस्तानात बेनझीर आलेल्या, त्याचा लेखी करार झाला. मधे जून १९८८ मध्ये राजीव संयुक्त राष्ट्रांत जाऊन जगाच्या निःशस्त्रीकरणाची योजना मांडून आले. आणि १९८९ मध्ये त्याच राजीव गांधींनी आपल्या शास्त्रज्ञांना बाँब तयार ठेवायला सांगितलं. पोरांना हे ढोंग वाटलं. मला वाटत नाही. धोका खरा मानला, पण तो किती जवळ आलाय हे वेगळं मोजलं, आणि तिन्ही कामं तीन वेगवेगळ्या घड्याळांवर लावली. मे १९९८ मध्ये आधी आपले पोखरणचे आणि मग पाकिस्तानचे चगाईचे अणुस्फोट झाले तेव्हा दोन्हीकडे आश्चर्य वाटण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

याची किंमत नव्हती असं नाही. चगाईनंतर वर्षभरात कारगिल झालं. त्या बाँबच्या आडोशाने काय काय केलं गेलं, हे पुढच्या पंचवीस वर्षांत आपण पाहिलंय. कहूटा वेळेत रोखता आलं असतं का, यावर मी आणि माझा एक सहकारी दर वर्षी भांडतो. त्याचं म्हणणं १९७८-७९ मध्ये, पहिली नळकांडी बसत होती तेव्हा, जगाने एकजुटीने गळा आवळला असता तर जमलं असतं. असेल. पण १९७८ पर्यंत जग फ्रेंच कारखान्याकडेच बघत होतं.

१९८८ च्या कराराचं एक शेपूट अजून हलतंय. १ जानेवारी १९९२ पासून दर वर्षी याच तारखेला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीत दिली, पुलवामानंतरच्याही दिली. शिरपूरच्या त्या मुलाने विचारलं, यादी खरी असते कशावरून? हा प्रश्न त्याने कोऱ्या कागदाऐवजी टिपणीत लिहिला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

तिसरी तासिका संपताना दाणे गोळा करायला सांगितले. दादर काकांच्या पिशवीत गेली, कबुतरांना होईल म्हणाले. तुरी मोजल्या तर सहाच. पुन्हा मोजल्या, सहा. बाकांखाली बघितलं, डब्याचं झाकण उलटं करून आपटलं, दाणे काढणाऱ्या मुलीने ओढणी झटकली.

मी त्यांना थांबवलं नाही. तेवढ्यात एवढंच सांगितलं की इस्रायल आणि अमेरिकेच्या जून २०२५ च्या हल्ल्यांआधी इराणकडे साठ टक्क्यांचं ४४०.९ किलो युरेनियम असल्याचा आंतरराष्ट्रीय निरीक्षकांचा अंदाज होता. साठ टक्के म्हणजे सात तुरींमागे पाच दादर. फोर्दो, नतांझ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बाँब पडले, आणि त्यानंतर तो साठा कुठे आहे हे निरीक्षकांना त्या तासिकेपर्यंत तरी जाऊन तपासता आलेलं नव्हतं.

"कुणाच्या खिशात तर नाही ना?" काका म्हणाले, आणि सगळ्यांनी आधी शेजारच्याकडे बघितलं.